ही चाल कुणाची?

आप्पांनी पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पटाकडे. चष्मा काढला, बंडीच्या टोकाला पुसला, घातला. समोरच्या बोळातून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल गेली. तिचा खडखडाट पार कोपऱ्यावर जाऊन विरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही चाल तुझी न्हाई.”

मी हसलो. “मग कुणाची?”

“त्येच इचारतोय. कुणाची?”

चाल तशी अगदीच साधी होती. राजा एक घर बाजूला, कोपऱ्यात सरकवला होता. शह नव्हता, धोका दिसत नव्हता. उलट आप्पांचं एक प्यादं उघड्यावर पडलं होतं, त्याला कशाचाच जोर नव्हता आणि माझा वजीर ते आरामात उचलू शकत होता. मी ते उचललं नव्हतं, आणि आप्पांना तेच खटकलं. “तुझ्या बानं उभ्या जन्मात फुकटचं प्यादं सोडलं न्हाई,” ते म्हणाले, “आन् तू सोडतोस व्हय?” कुठल्याशा व्हिडिओत असा काहीतरी डाव बघितला होता, असं मी पुटपुटलो. आप्पांनी मान हलवली आणि पुढची चाल केली. तासाभरात ते हरले. सोंगट्या एकेक करून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, झाकण दाबून बसवलं आणि “च्या घेनार?” म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. तिथून घर चालत चार मिनिटांवर आहे, त्या दिवशी मी पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊन उगाच तासभर बसून आलो.

आमचा डाव शनिवारी संध्याकाळी बसतो, मंगळवार पेठेत, आप्पांच्या दारातल्या कट्ट्यावर. मी बसतो ती लोखंडी घडीची खुर्ची बाबांची. बाबा २०१६ साली गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. “पट मांडलाय,” एवढंच म्हणाले आणि मागं वळून चालायला लागले. मी तेव्हा बुद्धिबळ विसरल्यात जमा होतो. आयुष्य लोकांचे टॅक्स रिटर्न भरण्यात चाललेलं. पण गेलो. तेव्हापासून जातोय, आणि तेव्हापासून हरतोय. शंभरातले पाच-सहा डाव माझे, तेही आप्पांना सर्दी झालेली असेल तर.

आप्पा पॅटर्नमेकर. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत त्यांनी सगळी नोकरी काढली. कोल्हापूरच्या बाहेर हे काम सांगावं लागतं, इथं पेठेतल्या दर तिसऱ्या घरात कुणीतरी फाउंड्रीशी बांधलेला असतोच. जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबून उचलायचा, उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पण लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते, तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा. लहानपणी मी ती पट्टी शाळेत नेली होती आणि भूमितीच्या तासाला माझे सगळे त्रिकोण चुकले होते. बाबा त्याच शाळेत गणिताचे मास्तर. त्यांनी वर्गात माझा कान धरला आणि संध्याकाळी कट्ट्यावर आप्पांना हा किस्सा सांगून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पटावरच्या सोंगट्याही आप्पांनीच केलेल्या, सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून. पांढऱ्यांना नुसतं पॉलिश, काळ्यांना काळं. नीट बघितलं तर प्रत्येक सोंगटी खालून वर किंचित निमुळती आहे. नमुना वाळूतून उचलताना कड ढासळू नये म्हणून असा उतार द्यावा लागतो. इथं वाळूचा काही संबंध नाही, पण हाताला सवय. काळ्या घोड्यांपैकी एकाचा कान एमसीलचा आहे. बाबांनी एकदा मात बसल्यावर तो घोडा जरा जोरात आपटला होता, त्याची खूण. तो राखाडी कान काळा रंगवायचं आप्पांच्या कधी मनात आलं नाही.

तर त्या शनिवारी आठच्या सुमाराला लाईट गेली. पट दिसावा म्हणून मी फोनची बॅटरी लावली. आप्पांनी त्या पांढऱ्या झगझगीत उजेडात दोन मिनिटं डोळे बारीक केले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे तसंच. सकाळी बगू.” पटावर टॉवेल टाकायला ते आत गेले. फोन हातात होताच, मी फोटो काढला. काढताना मनात पाप होतं का? आठवत नाही. होतंच, असं समजून चाला.

जेवणं झाल्यावर गादीवर पडून मी तो डाव फोनमधल्या बुद्धिबळाच्या ॲपवर मांडला. सोंगट्या लावायला मला पाच मिनिटं लागली. उत्तर यायला एक सेकंदही नाही. पटावर हिरवा बाण उमटला, राजाकडून कोपऱ्याकडे. मला वाटलं काहीतरी चुकून मांडलंय. मी प्यादं खायची चाल करून बघितली. बाजूचा आकडा घसरत घसरत उणे दोनवर जाऊन थांबला, आणि दुसरा बाण दाखवायला लागला की आप्पांचा घोडा कसा शह देत आत येतो आणि त्याच उडीत हत्तीवरही मार धरतो. मी ज्या प्याद्यावर संध्याकाळभर डोळा ठेवून होतो, ते सापळ्यातलं खोबरं होतं. आधी राजा कोपऱ्यात नेला की तो शहच उरत नाही, आणि प्यादं कुठं पळून जात नाही. किती सोपं. समजल्यावर सगळंच सोपं असतं म्हणा.

मला आप्पांना एकदा, नीट, सर्दीबिर्दी नसताना हरवायचं होतं.

घाटावर बसलो तेव्हा मला १९९७ आठवत होतं. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो. मे महिना, कट्ट्यावर आंब्याच्या कोयी चोखत बसलेली आम्ही पोरं, आणि बाबा-आप्पांचं वर्षभर चाललेलं भांडण. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र डीप ब्लू यांचा सामना झाला होता. पहिलाच डाव यंत्रानं घेतला, पण कास्पारोव्हनं सामना ४-२ असा काढला. त्यावर दोघांनी पैज लावली होती. यंत्र जगज्जेत्याला सामन्यात हरवेल, असं बाबा म्हणत. आप्पा म्हणत, शक्य नाही. पैज एका मिसळीची, जादा कटासकट. आता न्यू यॉर्कला दुसरा सामना चालू होता. बाबा गणिताचे, त्यामुळे यंत्राच्या बाजूचे. “सेकंदाला वीस कोटी,” ते आप्पांना सांगत, “वीस कोटी स्थिती तपासतंय ते. तू शिंकलास की वीस कोटी.” आप्पा म्हणत, “तपासू दे. तपासणं आन् बगणं येगळं.”

आणि मग ४ मेचा तो दुसरा डाव. डीप ब्लूच्या वजिराला आत घुसून प्यादी मारायची वाट मोकळी होती. यंत्र म्हणजे हावरट, दिसलं की खाणार, हा तेव्हाच्या सगळ्या मोठ्या खेळाडूंचा हिशेब. यंत्रानं खाल्लं नाही. त्यानं शांतपणे उंट मधल्या घरात आणून बसवला आणि कास्पारोव्हच्या उलट हल्ल्याची एकेक फट बुजवली. कास्पारोव्हनं तो डाव सोडला आणि नंतर जाहीर शंका घेतली की ही चाल यंत्राची वाटत नाही, आत माणसाचा हात आहे. नोंदी दाखवा म्हणाला. गंमत म्हणजे त्यानं जिथं डाव सोडला तिथं शहावर शह देत बरोबरी निघत होती, हे मागाहून लोकांनी शोधून काढलं. पुढचे तीन डाव बरोबरीत गेले आणि ११ मेला सहाव्या डावात तो अवघ्या १९ चालींत कोसळला. साडेतीन विरुद्ध अडीच. आयबीएमनं परतीचा सामना दिला नाही, यंत्र गुंडाळून ठेवलं.

बाबा पेपर घेऊनच कट्ट्यावर आले. “टाक मिसळ,” म्हणाले. आप्पांनी बातमी दोनदा वाचली. “यंत्राला न्हाई भ्याला त्यो,” ते म्हणाले. “आत कोण बसलंय, त्येला भ्याला.” आणि मिसळ द्यायला साफ नकार दिला.

आत कोण बसलंय, ही शंका फार जुनी. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेन नावाच्या माणसानं एक बुद्धिबळ खेळणारा लाकडी तुर्क आणला होता. पेटीसारखं टेबल, मागं पगडी घातलेला पुतळा, आत चाकं आणि दांते. दारं उघडून दाखवायची, किल्ली फिरवायची, की पुतळा डाव खेळायचा. नेपोलियनसुद्धा १८०९ साली त्याच्यासमोर बसला होता. आत अर्थातच एक चांगला बुद्धिबळपटू गुडघे पोटाशी घेऊन मेणबत्तीच्या उजेडात बसलेला असायचा. हा तुर्क १८५४ साली आगीत जळाला, तोही फिलाडेल्फियातच. मला त्या आतल्या माणसाबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. पाठ मोडत असेल, मेणबत्तीचा धूर नाकात जात असेल, आणि डाव जिंकला की टाळ्या बाहेरच्या लाकडाला.

घाटावर मी हेच उलटंसुलटं करत बसलो होतो. तुर्काच्या पोटात माणूस होता. डीप ब्लूच्या पोटात माणूस आहे असं जगज्जेत्याला वाटलं. आणि मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर, बाबांच्या खुर्चीत, माणसाच्या कातड्याखाली यंत्र बसलं होतं. आप्पांनी ओळखलं.

मिसळ पुढं नऊ वर्षं लांबली, कारण आप्पांच्या बाजूनं पुरावे येत राहिले. २००२ साली बहारीनला क्रॅमनिक आणि डीप फ्रिट्झ ४-४. २००३ साली न्यू यॉर्कला कास्पारोव्ह आणि डीप ज्युनियर ३-३. आप्पा त्या दिवसांत पेपराचं कात्रण खिशात घेऊन फिरत. २००५ साली लंडनला हायड्रा नावाच्या यंत्रानं मायकेल ॲडम्सला साडेपाच-अर्धा असं धुतलं, तर म्हणाले, “त्यो कुठं जगज्जेता हाय?” शेवटी २००६ च्या हिवाळ्यात जर्मनीत बॉनला क्रॅमनिक बसला, तेव्हाचा जगज्जेता, पुन्हा डीप फ्रिट्झसमोर. दुसऱ्या डावात त्यानं वजीर हलवला आणि पुढच्या एकाच चालीत मात बसत होती, ती त्याला दिसली नाही. एका चालीतली मात. आमच्या कट्ट्यावर शाळेतली पोरं चुकणार नाहीत अशी. क्रॅमनिकनं कपाळाला हात लावला. सामना ४-२ गेला. दुसऱ्या दिवशी आप्पा आपणहून बाबांना चौकात घेऊन गेले. मीही होतो. तीन मिसळी, वर जादा कट, ब्रेड कितीही. आप्पा स्वतः मात्र फार खाल्ले नाहीत. “एका चालीची मात चुकला रे,” एवढंच दोनदा म्हणाले. हरल्याचं दुःख नव्हतं ते. शेजारचं पोरगं सायकलवरून पडल्यावर जसं पोटात तुटतं, तसं काहीतरी होतं.

त्यानंतर तसे सामने कुणी मनावर घेतले नाहीत. यंत्र जगज्जेत्याला हरवेल का, हा प्रश्न निकालात निघाला आणि त्याचं कुणाला सुतकही राहिलं नाही. माणसांतलं आजवरचं सगळ्यात वरचं गुणांकन कार्लसनचं, २०१४ सालचं २८८२. आजची यंत्रं साडेतीन हजाराच्या पुढं गेली आहेत. चारशे गुणांचा फरक असला तर दुबळ्याच्या वाट्याला अकरा डावांत जेमतेम एक गुण येतो. त्यावरून सहा-सातशेचा फरक काय असेल ते बघा. आणि हे यंत्र कुठल्या कंपनीच्या तळघरात कपाटाएवढं नाही. माझ्या खिशात, वीजबिल भरायच्या ॲपशेजारी आहे.

बाबांचं एक बघायचं राहून गेलं. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो नावाच्या नव्या यंत्राची बातमी आली. त्याला फक्त नियम सांगितले होते, माणसांचे डाव दाखवलेच नव्हते. ते स्वतःशीच खेळत बसलं आणि चार तासांत त्यानं स्टॉकफिशला, तेव्हाच्या सगळ्यात तगड्या यंत्राला, मागं टाकलं. नंतरच्या शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार एकही नाही. मी आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “चार तासांत? चार तास तर मी नुसतं लाकूड निवडायचो.” पण खरी मजेची गोष्ट पुढं होती. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती तपासत होतं, अल्फाझीरो फक्त ऐंशी हजार. कमी मोजूनही जिंकत होतं. कुठं बघायचं आणि कुठं बघायची गरज नाही, हे त्याला कळायला लागलं होतं. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे आता बगायला लागलं म्हण की.” त्यांचा वीस वर्षांचा मुद्दा त्यांनी असा एका वाक्यात खाली ठेवला. बाबा असते तर दुसरी मिसळ मागितली असती.

यंत्राचा राग म्हणून आप्पांनी कधी केला नाही. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत फाउंड्रीत सीएनसी आलं, संगणकावर आकृती काढली की लाकडाचा ठोकळा कोरून बाहेर. आप्पांना दोन दिवस लागायचे ते काम जेवणाच्या सुट्टीत. मी विचारलं होतं, वाईट वाटलं का म्हणून. “वाईट कशाचं? माल झ्याक येतोय,” म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “फकस्त एक. पोरं आता पट्टी इचारत न्हाईत.” ती पट्टी अजून त्यांच्या देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, उदबत्तीच्या पुड्याशेजारी.

कोल्हापुरात राहून कुस्तीवर जायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण टळत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून या गावाला एक शब्द पक्का ठाऊक आहे, जोड. जोड बघितल्याशिवाय कुस्ती लावत नाहीत. मैदानात दोघं समोरासमोर आले की जुनी माणसं आधी एवढंच बघतात, मांडीला मांडी लागतेय का. बेजोड कुस्ती लावली तर लोक उठून जातात, निकालात कुणाला रस नसतो. आप्पांच्या तोंडून मी माणूस हरला असं कधी ऐकलं नाही. “जोडच न्हवती ती,” असं म्हणतात. यावर बाबांचं म्हणणं असायचं की हरलेल्याचीच ही भाषा. दोघांचंही मला पटतं, आणि त्यातून बाहेर यायची वाट सापडत नाही.

यंत्रामुळं खेळ मेला असं रडणारे भेटतात, त्यांच्याशी मात्र माझं जमत नाही. आप्पा तरुणपणी उन्हाळ्यात एसटीनं सांगलीला जायचे, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला. हरलेला एखादा डाव कागदावर लिहून न्यायचे आणि कुणी मोठा खेळाडू मोकळा दिसला तर विचारायचे, मी नेमका कुठं चुकलो? कधी उत्तर मिळायचं, कधी नुसताच चहा. आज ते उत्तर गल्लीतल्या कुठल्याही पोराला रात्री अंथरुणात मिळतं. आमच्याकडच्या पोरापोरींनी जगात एवढी मुसंडी मारली त्यात या खिशातल्या मास्तराचा हात आहेच. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशी मी कट्ट्यावर पेढे वाटले होते. नागपूर आपल्याला किती लांब, पण पेढे वाटताना ते शिरोळच्या अलीकडं आल्यासारखं वाटलं.

एक संध्याकाळ मात्र विसरणार नाही. २०२४ चा डिसेंबर, सिंगापूरला जगज्जेतेपदासाठी गुकेश आणि डिंग लिरेनचा चौदावा डाव. आप्पांच्या नातवाच्या फोनवर आम्ही तिघं बघत होतो. पटाच्या कडेला ती काळी-पांढरी पट्टी असते, कोण वरचढ आहे ते यंत्र क्षणाक्षणाला त्यावर दाखवत असतं. डाव रखडत बरोबरीकडे चाललेला. पट्टी अर्धी-अर्धी. आप्पांनी एकदम अंगठा पुढं केला आणि पट्टीवर दाबून धरला. नातू वैतागला, “आज्जा, हात काढा की.” “गप. त्या दोघांस्नी तरी पट्टी कुठं दिसतीया?” मग ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती मागं घेतला. नातवाला पट्टी दिसत नव्हती, तो आप्पांचा अंगठा उचकटायच्या खटपटीत. मला काही कळलं नाही. आप्पा मात्र पुढं वाकले. पडद्यावर गुकेशचे डोळे मोठे झाले. त्यानं पाण्याचा घोट घेतला. त्या क्षणी जगभरातल्या लाखो फोनवर ती पट्टी काळी झालेली असणार. पण त्या अठरा वर्षांच्या पोराला ते आपल्या डोक्यानं बघावं लागलं, आणि बघितल्यावर हात थरथरू न देता हत्ती उचलावा लागला. तो रडायला लागला तेव्हा आप्पांनी अंगठा काढला. नखाखाली फोनची काच गरम झाली होती, असं म्हणाले.

मी यातलं सगळं बघितलं होतं, आणि तरीही फोटो काढला होता. स्पर्धांमध्ये आता फोन बाहेर ठेवून घेतात, अंगावरून डिटेक्टर फिरवतात. कट्ट्यावर कोण फिरवणार?

दोन शनिवार गेले. आम्ही खेळलो, मी नेहमीसारखा हरलो, त्या चालीबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या शनिवारी पावसाची झिमझिम होती. पत्र्यावर टपटप चाललेली, आप्पा उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी पट मांडायच्या आधीच बोलून टाकलं. “आप्पा, त्या दिवशीची चाल फोनची होती.”

“म्हाईत हाय.”

“प्यादं सोडलं म्हणून?”

“त्ये एक झालं.” त्यांनी शेंगेचं पाणी चोखलं. “चाल केलीस आन् माझ्या तोंडाकडं बगितलास तू. सोताची चाल केलेला मानूस पटाकडं बगतो. काय इस्कोट केला का म्हणून.”

मला काय बोलावं ते सुचेना. मी फोन काढला, यंत्र काय म्हणत होतं ते दाखवतो म्हणालो. त्यांनी टरफलांचा हात झाडल्यासारखा केला. “त्येचं त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे. फोटू हाय न्हवं?” फोटो होता. खोडायचं धाडस झालं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात जळजळीत पांढरा पडलेला पट, आणि एका कडेला आप्पांनी खुर्चीवर ठेवलेला चष्मा. “मांड त्यावरनं,” ते म्हणाले. “लाईट गेल्याली तिथनं.”

मी मांडला. एकेक सोंगटी फोटोतून उचलून पटावर ठेवावी तसा. सगळं जागच्या जागी आलं, फक्त मी पहिल्यासारखा नव्हतो. ते प्यादं विषारी आहे हे मला ठाऊक होतं, घोडा कुठून कुठं उडतो ते ठाऊक होतं, बाजूचा आकडासुद्धा ठाऊक होता. कळलेलं परत अडाणी कसं करायचं? राजा कोपऱ्यात न्यावा तर ती पुन्हा फोनचीच चाल. दुसरं काही खेळावं तर ते फोनला चुकवण्यासाठी खेळलेलं. मी असाच हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

“खा की,” आप्पा म्हणाले. “तुला खायचंच हुतं न्हवं?”

मी वजीर उचलला आणि प्यादं खाल्लं. मनातल्या मनात उणे दोन म्हणालो. आता आप्पा विचारात पडतील, वीस-पंचवीस मिनिटं जातील, चहावर साय धरेल, कदाचित त्यांना ते घर दिसणारही नाही, असं मनात येतंय तोवर त्यांनी हातातली शेंग तशीच तोंडात टाकली, एमसीलच्या कानाचा घोडा उचलला आणि बरोबर त्या घरात ठेवला जिथं फोनवरच्या बाणाचं टोक होतं.

“शह.”

“एवढ्या लवकर दिसलं?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“दिसायचं काय त्यात?” आप्पा शेंग चावत म्हणाले. “तुझ्या बाला ह्या घोड्यानं शंभरदा मारलाय.” मग परातीतल्या चार शेंगा माझ्याकडं सरकवल्या. “राजा हलीव आता.”